फायलींच्या फेरफाराची वही विकत घ्यावी का?

सिंधुदुर्गातील माणसाला ‘फेरफार’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावरील एक नाव कमी झाले आणि दुसरे चढले, तर ते का, कधी आणि कशाच्या आधारे, हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पाहावयास मिळते. जुने नाव खोडून नाहीसे केले जात नाही. त्याला कंस होतो आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जातो. तलाठी नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० ने घालून दिलेली ही पद्धत आहे. नोंद घेणारा एक आणि ती प्रमाणित करणारा दुसरा, हे तिचे मर्म होय. एकेका सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणाऱ्या कोकणात ही वही नसती, तर वाद मिटवणे अशक्यच झाले असते.

संगणकावरील फाइलीला असा नमुना सहा नसतो. एक्सेलच्या तक्त्यात काल १८ हा आकडा होता आणि आज १५ आहे, तर फाइल फक्त १५ दाखवते. १८ कुठे गेला, याचा मागमूस तिच्यापाशी बहुधा नसतो. फाइलीसमोर दिसणारा ‘बदल केल्याचा दिनांक’ हा केवळ शेवटच्या बदलाचा असतो आणि तोही मोफत मिळणाऱ्या एखाद्या छोट्या प्रोग्रामने मिनिटभरात हवा तसा करता येतो. त्या दिनांकावर विसंबून कुणावर ठपका ठेवणे म्हणजे पेन्सिलने लिहिलेल्या तारखेवरून निवाडा करण्यासारखेच आहे.

मालवण, तारकर्ली, देवबाग येथील निवास-न्याहारीचे आणि स्कूबा डायव्हिंगचे आरक्षण, वेंगुर्ले-सावंतवाडीकडील काजू कारखान्यांचा मालसाठा, देवगडच्या आंब्याच्या पेट्यांच्या याद्या, पतसंस्थांची कागदपत्रे हे सारे हळूहळू वहीतून संगणकात गेले. वही होती तेव्हा खाडाखोड दिसत असे, शाईचा फरक दिसत असे, अक्षर कुणाचे हेही ओळखू येई. संगणकाने हिशेब जलद केला. पण हस्ताक्षराची ओळख मात्र पुसून टाकली. मग दिवाळीच्या गर्दीत एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली किंवा पेट्यांच्या यादीत दहाचा फरक पडला, की चार माणसांच्या कचेरीत सगळे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. अशा वेळी ‘फायलींतील प्रत्येक बदल टिपणारे’ सॉफ्टवेअर विकत घेण्याचा विचार मालकाच्या मनात येतो. अशी सॉफ्टवेअरे बाजारात अनेक आहेत आणि त्यांपैकी काही खरोखरच उत्तम आहेत. मात्र जाहिरातीतील ‘प्रत्येक बदल’ आणि मालकाच्या मनातील ‘प्रत्येक बदल’ यांत बरेच अंतर असते. पैसे मोजण्यापूर्वी ते अंतर तपासणे इष्ट.

प्रश्न कोणता, हे आधी ठरवावे

‘फाइल बदलली’ या तक्रारीत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले असतात. जुनी फाइल परत मिळेल का, हा एक. फाइल खरोखरच बदलली आहे का, हा दुसरा. आणि कोणी बदलली, हा तिसरा. विक्रेते हे तिन्ही एकत्र बांधून विकतात; परंतु पहिल्या दोहोंसाठी पैसे द्यावे लागतातच असे नाही.

जुनी फाइल परत मिळवण्याचे काम बॅकअपचे आहे, बदल टिपणाऱ्या सॉफ्टवेअरचे नव्हे. विंडोजमध्ये आठव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फाइल हिस्टरी’ ही सोय आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडली की फायलींच्या जुन्या प्रती ती ठरावीक अंतराने ठेवत जाते. गुगल ड्राइव्हवर ठेवलेल्या एक्सेल, पीडीएफसारख्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारणतः ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. किनाऱ्यावरील माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. ज्या संगणकावर फाइल आहे त्याच संगणकावर बदलांची नोंदही असेल, तर पाणी शिरल्यावर दोन्ही एकदमच जातात. खंडणीखोर व्हायरसच्या बाबतीतही हेच. जून २०१७ मध्ये ‘पेट्या’ प्रकारच्या हल्ल्याने मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. अशा हल्ल्यात बदल टिपणारे सॉफ्टवेअर फार तर हजारो फायली बदलल्याचे सांगेल. त्या परत आणून देणार नाही.

फाइल बदलली आहे का, या प्रश्नाला तर फार जुने आणि सोपे उत्तर आहे. प्रत्येक फाइलीचा गणिताने एक ‘ठसा’ काढता येतो; त्याला हॅश म्हणतात. फाइलीतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. सध्या सर्वमान्य असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत हा ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. (एमडी५ ही जुनी पद्धत २००४ मध्ये आणि एसएचए-१ ही २०१७ मध्ये कच्ची ठरली, दोन वेगळ्या फायलींचा एकच ठसा येऊ शकतो हे तज्ज्ञांनी दाखवून दिले. विक्रेता आजही केवळ याच पद्धतींचा उल्लेख करत असेल, तर त्याचे माहितीपत्रक बाजूला ठेवावे.) १९९२ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम या विद्यार्थ्याने आणि जीन स्पॅफर्ड या प्राध्यापकांनी ‘ट्रिपवायर’ हे सॉफ्टवेअर तयार केले, ते याच कल्पनेवर. चांगल्या स्थितीतील फायलींचे ठसे एकदा घेऊन ठेवायचे आणि नंतर वेळोवेळी ताडून पाहायचे. पुढे त्याची कंपनी झाली, महागडी आवृत्ती आली. पण मूळ कल्पना कुणाच्या मालकीची नाही. ओसेक, वाझू यांसारखी मोफत सॉफ्टवेअरे तेच काम करतात आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आधीपासूनच दिलेली आहे.

उरला तिसरा प्रश्न, आणि खरी मेख तिथेच आहे.

‘कोणी’ हे संगणकाला कसे कळते?

संगणकाला माणूस कळत नाही, लॉगइन कळते. लहान कचेऱ्यांत बहुधा एकच लॉगइन असते. सकाळी कुणीतरी संगणक सुरू करतो आणि दिवसभर सगळे त्याच नावाने काम करतात. अशा ठिकाणी जगातील सर्वांत महाग सॉफ्टवेअर बसवले, तरी त्याच्या नोंदवहीत प्रत्येक ओळीपुढे एकच नाव येणार. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र लॉगइन आणि स्वतंत्र पासवर्ड देणे, तसेच जागेवरून उठताना संगणक कुलूपबंद करण्याची सवय लावणे, ही पहिली पायरी. तिला एक रुपयाही लागत नाही. ही पायरी गाळून केलेली खरेदी निव्वळ वाया जाते.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या अंतर्रचनेची. विंडोजकडून फाइलबदलाची माहिती मिळवण्याचे अनेक मार्ग आहेत. एका मार्गाने ‘या फोल्डरमध्ये अमुक फाइल बदलली’ एवढीच सूचना मिळते. कोणी बदलली हे त्या सूचनेत नसतेच. शिवाय एकाच वेळी फार बदल झाले, तर काही सूचना गळून पडतात. केवळ या सूचनेवर उभे असलेले सॉफ्टवेअर कितीही देखणे असले, तरी ‘कोणी’ या प्रश्नावर ते मुके राहते. डिस्कवरील एनटीएफएस रचनेची स्वतःची एक बदल-रोजनिशी असते; तिच्यात फाइलीचे नाव आणि बदलाचे कारण असते, माणसाचे नाव नसते. वापरणाऱ्याचे नाव मिळते ते विंडोजच्या ‘ऑडिट’ नोंदीत. ही सोय विंडोजमध्येच आहे, मात्र ती मुद्दाम सुरू करावी लागते आणि कोणत्या फोल्डरवर लक्ष ठेवायचे तेही सांगावे लागते. तिची मांडणी ज्या धोरण-संपादकातून सोयीने करता येते, तो विंडोजच्या होम आवृत्तीत नसून प्रो आवृत्तीत असतो.

मग सॉफ्टवेअर कशाला, असे कुणी विचारील. कारण ही ऑडिट नोंद माणसाने वाचण्याजोगी नसते. एक्सेलची फाइल एकदा जतन केली, की पडद्याआड अनेक गोष्टी घडतात: विचित्र नावाची तात्पुरती फाइल तयार होते, मूळ फाइल काढली जाते आणि तात्पुरतीला मूळ नाव दिले जाते. नोंदवहीत मात्र ‘फाइल निर्माण केली’, ‘फाइल नष्ट केली’, ‘नाव बदलले’ अशा ओळी उमटतात. ज्याने केवळ जतनाची कळ दाबली, त्याच्या नावावर फाइल नष्ट केल्याची नोंद! अशा नोंदीच्या आधारे एखाद्या कारकुनाला जाब विचारला गेला, तर तो सरळ अन्याय ठरेल. याखेरीज नोंदवहीचे मूळ आकारमान अवघे २० मेगाबाइट ठेवलेले असते. ते भरले की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. गजबजलेल्या फोल्डरवर लक्ष ठेवले, तर महिन्यापूर्वीची नोंद सापडण्याची शाश्वती नसते. चांगले सशुल्क सॉफ्टवेअर नेमके येथे उपयोगी पडते. ते या ओळींचा अर्थ लावून ‘अमुक लॉगइनने अमुक वेळी फाइल जतन केली’ असे एक वाक्य देते, नोंदी दुसऱ्या सुरक्षित संगणकावर साठवते आणि शोधण्याची सोय करते. पैसे द्यायचे ते या तीन गोष्टींसाठी.

महिन्याची चाचणी कशी वापरावी

बहुतेक कंपन्या काही आठवड्यांची मोफत चाचणी देतात. ती ‘बघू कसे वाटते’ अशा पद्धतीने घालवू नये. आपल्या खऱ्या फायलींच्या प्रती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून, दोन लॉगइन करून, मुद्दाम खोड्या काढाव्यात. एकाने तक्ता उघडावा, एक आकडा बदलावा, जतन करावा. सॉफ्टवेअरने एक नोंद दिली की पाच? दुसऱ्याने फाइल नुसती उघडून बंद करावी. तिला ‘वाचली’ म्हटले की ‘बदलली’? फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, तर ती ‘नष्ट’ झाली असे सांगितले जाते की ‘हलवली’ असे? अँटिव्हायरसने किंवा बॅकअपने फाइलीला हात लावला, तर ते माणसाच्या नावावर चढत नाही ना?

त्यानंतर वीज घालवून पाहावी. कोकणातील पावसाळ्यात हे वेगळे करावेही लागणार नाही; पण चाचणी उन्हाळ्यात असेल तर सॉफ्टवेअर बंद करून, फाइल बदलून, ते पुन्हा सुरू करावे. मधल्या काळातील बदल त्याला कळला का? जे सॉफ्टवेअर सुरू होताना जुन्या ठशांशी ताडून पाहते, त्याला बदल झाला एवढे तरी कळते. कोणी केला हे त्यालाही सांगता येत नाही. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डावरील छोटा सेल संपलेला असेल, तर वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. इंटरनेट येईपर्यंतच्या साऱ्या नोंदी मग त्या भलत्याच तारखेने पडतात. सेलची किंमत किरकोळ आहे. सॉफ्टवेअरपूर्वी तो बदलून घ्यावा.

कचेरीत सामाईक फायली नेटवर्कवरील साठवण-पेटीत, म्हणजे ‘नॅस’वर, ठेवल्या असतील तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. अशा पेटीत बहुधा विंडोज नसते. संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअर त्या संगणकावरून केलेला बदल पाहील. शेजारच्या मोबाइलवरून केलेला त्याला दिसेलच असे नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा म्हणजे प्रशासकाच्या लॉगइनने स्वतः नोंदवही पुसण्याचा प्रयत्न करणे. पुसली गेली, आणि पुसल्याची नोंदही कुठे राहिली नाही, तर ती वही तलाठ्यानेच लिहिलेली आणि तलाठ्यानेच प्रमाणित केलेली समजावी. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे त्याच्याच हाती नोंदवही असू नये. येथे मालकही अपवाद नाही. भागीदारीच्या धंद्यात तर नाहीच नाही.

एवढे सारे जमले, तरी एक अपेक्षा सोडावी लागते. फाइलबदल टिपणारे सॉफ्टवेअर फाइल बदलली हे सांगते; तक्त्यातील सातव्या ओळीत १८ चे १५ झाले, हे ते बहुधा सांगत नाही. ज्याला आरक्षणाच्या तक्त्यातील एकेका घराचा इतिहास हवा आहे, त्याने तो तक्ता गुगल शीट्समध्ये ठेवावा. तेथे एकेका घरातील बदल, करणाऱ्याच्या नावासह, पाहता येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्येही ऑनलाइन ठेवलेल्या तक्त्यासाठी ‘शो चेंजेस’ ही सोय असून ती ६० दिवसांपर्यंतचे बदल दाखवते. दहा-बारा खोल्यांच्या व्यवसायाचा निम्मा प्रश्न येथेच सुटतो. हिशेबाच्या बाबतीत तर कायद्यानेच काम सोपे केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक व्यवसायाला, हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत असल्यास, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे लागते. एकल मालकी किंवा भागीदारी यांना हे बंधन नाही. पण टॅलीप्राइमची ‘एडिट लॉग’ आवृत्ती त्यांनाही वापरता येते. जे हिशेब टॅलीत आहेत, त्यांच्यासाठी निराळे पहारेकरी नेमण्यात अर्थ नाही.

वाद न्यायालयात गेला तर

१ जुलै २०२४ पासून भारतीय पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ६३ खाली संगणकीय नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्या नमुन्यात फाइलीचा हॅश ठसा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे लिहिण्याची जागा आहे. म्हणजे वर सांगितलेला ६४ अक्षरांचा ठसा हा आता केवळ संगणकतज्ज्ञांचा विषय राहिलेला नाही. महिनाअखेरीस महत्त्वाच्या फायलींचे ठसे काढून, त्यांचा कागद छापून, त्यावर दोन जबाबदार व्यक्तींनी सह्या करून तो कपाटात ठेवणे ही जवळजवळ फुकटची व्यवस्था आहे. महिन्याच्या मधल्या काळात काय घडले हे तिने कळणार नाही. पण ३१ मार्चची फाइल ३१ मार्चनंतर बदललेली नाही, एवढे सिद्ध करायला ती पुरेशी आहे. सॉफ्टवेअरची नोंदवही असा ठसा लावून बाहेर काढता येते का, हे विक्रेत्याला विचारण्याजोगे आहे.

नोंदवही स्वतःच एक संवेदनशील दस्तऐवज बनते, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. निवासगृहात पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती पाहुण्यांच्याच नावाने जतन केलेल्या असतात. फाइलीचे नाव नोंदवहीत गेले, नोंदवही कंपनीच्या परदेशातील सर्व्हरवर गेली, की पाहुण्यांची यादीही तिकडे गेलीच. नोंदी कोठे साठवल्या जातात, हे लेखी विचारून घ्यावे. कर्मचाऱ्यांना अंधारात ठेवून अशी नजर बसवणेही शहाणपणाचे नाही. नोंद होते हे ठाऊक असेल तर चुका उघड करण्याची वृत्ती वाढते. चोरून नजर ठेवल्याचे कळले, तर चार माणसांच्या कचेरीतील विश्वास जातो आणि तो कोणत्याही बॅकअपमधून परत येत नाही.

या साऱ्याचा हिशेब मांडला, तर दोन-तीन संगणकांच्या आणि एकाच कुटुंबाने चालवलेल्या व्यवसायाला सशुल्क सॉफ्टवेअरची गरज सहसा दिसत नाही. स्वतंत्र लॉगइन, ऑनलाइन तक्ता, बाहेरची डिस्क आणि महिन्याचा ठसा एवढ्यावर त्याचे भागते. दहा-पंधरा संगणक, एक मध्यवर्ती सर्व्हर, अनेकांचा एकाच फोल्डरमध्ये वावर आणि लेखापरीक्षकाचे प्रश्न, अशी स्थिती जिथे आहे, त्या पतसंस्थेने किंवा कारखान्याने मात्र खर्च करावा. अट एकच. आठवड्यातून एकदा नोंदवही वाचण्याचे काम कुणाच्या तरी नावावर लावलेले असावे, आणि तो माणूस फायली बदलणाऱ्यांपैकी नसावा.

किमतीच्या बाबतीत छापील आकड्यावर जाऊ नये. काही कंपन्या सर्व्हरमागे आकारणी करतात, काही वापरणाऱ्यांच्या संख्येवर, काही साठवलेल्या नोंदींच्या आकारमानावर. परदेशी कंपनीची किंमत डॉलरमध्ये असते आणि वर १८ टक्के जीएसटी येतो. एकदाच पैसे भरण्याची पद्धत मागे पडून वार्षिक वर्गणी रूढ झाली असल्याने, वर्गणी थांबवल्यास जुन्या नोंदी वाचता येतील का, हा कळीचा प्रश्न ठरतो. जमिनीचा जुना फेरफार पन्नास वर्षांनीही नक्कल काढून मिळतो; येथे वर्गणी चुकली की वहीला कुलूप लागू शकते. म्हणून मोफत मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी साऱ्या नोंदी साध्या तक्त्याच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात, सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि त्या नोंदी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. उघडल्या नाहीत, तर व्यवहार तिथेच थांबवता येतो.